एका ब्रँचला एक मत

अक्का, परवा तुझ्या शोकसभेत मी ओरडले. पदर सावरून, खालच्या आवाजात बोलायचं ठरवून उभी राहिले होते आणि ओरडले. तुला आवडलं नसतं. मीटिंगमध्ये आवाज चढवणाऱ्या बाईला तू तेलुगू ठसक्यात "एमे, खाली बस" म्हणायचीस आणि ती बसायची. परवा मला खाली बसवायला तू नव्हतीस. तुझा फोटो होता, फोटोला हार होता आणि तो हार घालणारा जयवंत होता.

हार घातला म्हणून मी ओरडले नाही. तो युनियनचा अध्यक्ष आहे, हार तोच घालणार. पण तो माईक धरून म्हणाला, "नरसम्मा अक्कांनी आपल्याला लोकशाही शिकवली. निवडणूक हरल्या, तरी हसतमुखानं त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. असा मोठेपणा आता बघायला मिळत नाही." त्याच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तू हसत नव्हतीस. मी तुझ्याशेजारी उभी होते. हार घालताना तो तुझ्या हातून एकदा निसटला. जन्मभर विड्या वळताना ज्या हातांची लय कधी चुकली नाही, ते हात. तुझी मान ताठ होती आणि डोळे त्याच्या खांद्यावरून पलीकडं भिंतीकडं लागले होते. ते हसणं होतं असं आता तो सगळ्या सोलापूरला सांगणार.

तुला जाऊन तेरा दिवस झाले. बाकीच्या बायका रडून मोकळ्या झाल्या. मला रडू येत नाही, रागच येतो. त्याचा येतो, माझा येतो, आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त तुझा येतो. तोंडावर बोलायची सोय आता राहिली नाही, म्हणून लिहिते आहे.

युनियनच्या ऑफिसात मी आले ती तुझ्यामुळं. आम्ही माढ्याकडचे. शेतीत भागेना म्हणून वडील सोलापुरात आले आणि आई तुझ्याच ब्रँचला विड्या द्यायला लागली. ब्रँच म्हणजे कंपनीची ती खोली, जिथून बायका पाला आणि तंबाखू घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी वळलेल्या विड्या आणून देतात. खोली असते एक, पण त्या एका खोलीवर शेकडो चुली पेटतात. आई गेली तेव्हा तू दहाव्यालाही आली होतीस. भांडी घासून झाल्यावर मला म्हणालीस, "बारावी झालीस न्हवं? मग मांडीवर सूप घेऊ नको. आमाला लिवणारी पायजे."

त्या वेळी युनियन नव्हतीच. होत्या त्या सात बायका. विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत तुझ्या दोन खोल्या, त्यात रविवारी दुपारी सातजणी गोल बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप. बोलणं चालू आणि हातही चालू. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. मधोमध मी वही घेऊन. आपण युनियनची घटना लिहीत होतो. तू तेलुगूत विचार करायचीस, मराठीत सांगायचीस आणि मी ते कायद्याच्या भाषेत बसवायची.

अध्यक्ष कसा निवडायचा हा मुद्दा आला तेव्हा शहनाजआपा पहिल्यांदा बोलल्या. शहराच्या कडेला त्यांची ब्रँच, बावीस बायकांची. तुझ्या ब्रँचला चारशे. आपा म्हणाल्या, "हमारी बात कौन सुनता जी? तुम्हारी एक ब्रँच हात उठाई तो हमारा काम खतम."

तुझे हात थांबले. मी तुला ओळखत होते तेवढ्या काळात ते असे थांबलेले मी मोजक्या वेळा पाहिले. तू म्हणालीस, "लिव सुनंदा. एका ब्रँचला एक मत. ब्रँच मोटी असू दे न्हायतर ल्हान. बायका आपला एक प्रतिनिधी निवडतील आणि सगळे प्रतिनिधी मिळून अध्यक्ष निवडतील."

मी विचारलं, "म्हणजे तुमच्या चारशे बायकांचं आणि आपांच्या बावीस बायकांचं वजन सारखंच?"

"व्हय. आमी जास्ती हाओत म्हणून आमचंच खरं व्हय?"

आपांनी तुझ्याकडं पाहिलं ते मी अजून विसरले नाही. स्वतःची माणसं जास्त असताना आपणहून माप कमी करून घेणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. पुढंही पाहिली नाही. त्या दिवशी मी ते कलम अभिमानानं लिहिलं. आणि लिहिताना एक चूक केली. 'सभासद आपल्यातली एक प्रतिनिधी निवडतील' असं लिहायच्या ऐवजी 'सभासद आपल्यातला एक प्रतिनिधी निवडतील' असं लिहिलं. कायद्याची भाषा अशीच पुरुषी असते असं मला वाटलं. एका अक्षराचा फरक. ब्रँचमधले विड्या तपासणारे चेकर, कारकून, कुणाचे दीर, कुणाचे मेहुणे सभासदाची पावती फाडून, 'धावपळीला पुरुष बरा' म्हणत पुढं त्या एका अक्षरातून आत आले. ही चूक मी तुला कधी बोलून दाखवली नाही. आज सांगते आहे.

पहिली वर्षं चांगली गेली, हे मी नाकारत नाही. तू अध्यक्ष झालीस आणि मालकांसमोर बसायला लागलीस. चांगल्या विड्या 'खराब' म्हणून बाजूला काढून ठेवायची ब्रँचमधली खोड तू मोडलीस. अक्कलकोट रोडच्या कन्नड बायका, आपांच्या मुसलमान बायका, तुझ्या तेलुगू बायका, माझ्या आईसारख्या गावाकडून आलेल्या मराठी बायका, सगळ्या एका सतरंजीवर बसल्या. लहान ब्रँचचा प्रतिनिधी उभा राहिला की तू मोठ्या ब्रँचवाल्यांना गप्प करायचीस. मला कलम पटलं होतं ते याच दिवसांमुळं. तू खुर्चीत होतीस तोवर कलम बरोबर होतं. खुर्चीत दुसरं कुणी आल्यावर ते कसं चालेल, हे बघायचं राहून गेलं.

आपलं भांडण कुठून सुरू झालं आठवतं? रविवारी मी पेपर वाचून दाखवायची. त्या दिवशी अमेरिकेच्या निवडणुकीची बातमी होती. ज्याला देशभरातून जास्त लोकांनी मत दिलं तो हरला आणि ज्याला कमी दिलं तो राष्ट्राध्यक्ष झाला. तू मला तीनदा वाचायला लावलंस. मग मी समजावून सांगितलं, की तिकडं लोक मत देतात ते आपापल्या राज्यातल्या निवडणाऱ्यांना. सगळ्या राज्यांच्या निवडणाऱ्यांचं मिळून एक मंडळ होतं आणि अध्यक्ष ठरवतं ते मंडळ. लहान राज्याला तिथं त्याच्या माणसांच्या मानानं जास्त वजन असतं.

तू खूश झालीस. "म्हंजे आपल्यासारकंच की! बग, एवडा मोटा देश, त्येनीबी ल्हानग्यांचा इचार केलाय."

"अक्का, जास्त लोकांना नको असलेला माणूस त्यांच्या डोक्यावर बसला. त्यात कसला विचार?"

"आपला राष्ट्रपती निवडताना तुला कोन इचारायला आलतं? आमदार-खासदारच निवडतेत की. देश चाललाय न्हवं?"

"आपला राष्ट्रपती कारभार करत नाही. आपल्या युनियनचा अध्यक्ष मालकापुढं बसून आपल्या पोटाचा करार करतो. त्याला तरी आपण स्वतः निवडायला नको?"

"कारभार करणाऱ्यालाबी खासदारच निवडतेत," तू म्हणालीस आणि सातहीजणी हसल्या. चौथी शिकलेली बाई मला राज्यशास्त्र शिकवून गेली.

पण मी सोडलं नाही. आठवडाभरानं उत्तर घेऊनच आले. "अक्का, चारशे बायकांना फिरवायचं तर फार अवघड. एका प्रतिनिधीला फिरवायला एक जीप पुरते." तू हात झटकलास. "आपली मानसं तशी न्हाईत." त्यानंतर कित्येक वर्षं हे भांडण चालू राहिलं. तू म्हणायचीस, थेट मतदान घेतलं तर आमच्याच तेलुगू पेठा अध्यक्ष ठरवतील, बाकीच्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. मी म्हणायची, प्रत्येक बाईचं मत तिच्याच हातात पाहिजे. तुझं शेवटचं वाक्य ठरलेलं, "मग शहनाजच्या बायकांचं काय?" आणि मी तिथं अडायची. मनापासून अडायची, कारण प्रश्न खरा होता.

जयवंतला तूच आणलंस. चेकर होता, धावपळीचा होता, बायकांशी नीट बोलायचा. तुझा दमा वाढला तसं ऑफिस, कोर्ट, मालकांच्या चकरा त्याच्याकडं गेल्या. तू त्याला सचिव केलंस. विड्या घेणाऱ्या कुठल्याही जागेला युनियनची ब्रँच म्हणून मान्यता द्यायचा अधिकार सचिवाला होता. दोन वर्षांत त्यानं किती लहान ब्रँच काढल्या ते माझ्याएवढं कुणाला माहीत नाही, कारण प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून गेला. एका खेड्यात नऊ बायका, म्हणजे एक ब्रँच आणि एक मत. पलीकडच्या वस्तीवर अकरा बायका, म्हणजे आणखी एक मत. तुझ्या ब्रँचच्या चारशे बायकांचं मत एकच. मी फाइल घेऊन तुझ्या घरी आले.

"अक्का, हा मतं पेरतोय."

तू चष्मा लावून कागद बघितलेस. त्यातलं तुला किती वाचता येत होतं कुणास ठाऊक. "युनियन वाढतीय की," म्हणालीस. "खेड्यातल्या बायकांनी कुटं जायाचं? त्येंच्यासाटीच तर नियम हाय."

त्या दिवशी मी जिन्यावरून उतरताना पहिल्यांदा तुझ्यावर चिडले. तू भोळी नव्हतीस अक्का. मालकाच्या वकिलाचा डाव तुला दारातून कळायचा. पण तुझ्या नियमात खोट असू शकते, हे तुला बघायचंच नव्हतं.

मग निवडणूक आली. तू आणि जयवंत. प्रत्येक ब्रँचमध्ये बैठका झाल्या. आपल्या प्रतिनिधीनं मत कुणाला द्यायचं ते बायकांनी हात वर करून ठरवलं आणि त्याची नोंद वहीत केली. त्या वह्या माझ्याकडं आल्या. मी एका दुपारी दार लावून सगळे हात मोजले. तुझ्या बाजूचे हात त्याच्या दुपटीच्याही पुढं होते. लहान ब्रँचमध्येसुद्धा निम्म्याहून जास्त ठिकाणी तूच होतीस. आपांच्या ब्रँचमध्ये बावीसच्या बावीस हात तुझ्यासाठी वर झाले होते. मी हसतच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी लहान ब्रँचचे प्रतिनिधी गायब झाले. फोन बंद. घरी विचारलं तर 'देवदर्शनाला गेलेत.' चार दिवस कुठलं देवदर्शन? अकलूजच्या बाजूला कुणाच्या तरी मळ्यात सगळ्यांची सोय होती, हे नंतर कळलं. मतदानाच्या सकाळी जीपा आल्या. सगळ्यांच्या कपाळाला एकसारखा गंध आणि अंगात एकसारखे नवे शर्ट. शर्ट म्हणते, कारण त्यांत बाई एकच होती, आणि ती मान वर करत नव्हती. आपांच्या ब्रँचचा प्रतिनिधी म्हणून चेकरचा मेहुणा उतरला. त्यानं जन्मात विडी वळली नव्हती. माझ्या त्या एका अक्षरातून आलेला तो माणूस तुझ्याकडं न बघता आत गेला.

चिठ्ठ्या पडल्या, मोजल्या. तू पाच मतांनी हरलीस.

बाहेर बायका जमल्या होत्या. बातमी कळल्यावर जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. कुणी म्हणालं ऑफिसला कुलूप घाला, कुणी म्हणालं त्याला बाहेर ओढा. आपा गर्दीतून पुढं आल्या. "अक्का, हम बाईस के बाईस तुमकू हात उठाए थे. अल्ला कसम." त्यांना वाटलं, त्यांनीच तुला फसवलं असं तू समजशील. मी ऑफिसातून वह्या छातीशी धरून बाहेर आले आणि तुला म्हणाले, "अक्का, दाखवू का? सगळे हात यात आहेत. आत्ता इथंच वाचून दाखवते."

आणि तू काय म्हणालीस? "ठेव आत. घटनेत हात मोजायचं कुटं लिवलंय? प्रतिनिधीचं मत लिवलंय. नियम मी सांगितला, तू लिवला. आता आपन हारलो म्हणून फिरवायचा व्हय?"

मग बायकांना गप्प केलंस, आत गेलीस आणि त्याच्या गळ्यात हार घातलास.

मी वह्या कपाटात ठेवल्या. तू सांगितलंस म्हणून ठेवल्या, असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं. त्या ऑफिसात माझी नोकरी होती आणि कपाटाची किल्ली उद्यापासून जयवंतच्या हातात जाणार होती. मी घाबरले. तुझ्या तत्त्वाच्या आड मी माझं भित्रेपण लपवलं. वर तुझ्यावरच रागावले आणि सात महिने तुझ्या दारात पाय ठेवला नाही.

त्या सात महिन्यांत त्यानं मालकांबरोबर नवा करार केला. ज्या बायका ठरलेल्या विड्या देऊ शकत नाहीत त्यांची नावं पटावरून कमी करायची. म्हणजे म्हाताऱ्या आणि आजारी बायका. ज्यांनी तंबाखूच्या धुळीत छाती घालवली, त्या. कामगार म्हणून जे कार्ड मिळतं, ज्यावर औषधपाणी होतं, ते पुन्हा करून घ्यायला अध्यक्षाची सही लागायला लागली. ऑफिसच्या बाकावर रोज चाळीस-चाळीस बायका बसायच्या. तो आठवड्यातून एकदा यायचा आणि पाच-दहा सह्या करून जायचा.

एका सकाळी मी मान वर केली तर बाकावर तू. इतर बायकांमध्ये, रांगेत, कार्ड पदराला बांधून. तू उभं केलेलं ऑफिस आणि तू बाकावर. श्वास घेताना तुझे खांदे वर जात होते. मी उठून आले, पण तू मला हातानंच बस म्हणालीस. तेवढ्यात जयवंत आला. "अरे अक्का! तुम्ही कशाला आलात? निरोप दिला असता तर घरी येऊन सही केली असती की." खिशातून पेन काढलं आणि उभ्या उभ्या तुझ्या कार्डावर सही केली.

तू कार्ड बघितलंस आणि बाकाकडं बोट केलंस. "आन ह्येंचं?"

"त्यांचं बघू ना. नियमानं होईल."

"मग माजंबी नियमानंच होऊ दे," तू म्हणालीस आणि सही झालेलं कार्ड त्याच्या टेबलावर ठेवून चालू लागलीस. रांगेतली एक बाई रडायला लागली. मी तुझ्यामागं रस्त्यापर्यंत धावत आले. "अक्का, घे गं ते कार्ड. दवाखान्यात जायचंय तुला." तू रिक्षात बसलीस. "सगळ्यांचं झाल्यावर घेते," म्हणालीस. सात महिन्यांत तू माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

सगळ्यांचं कधी झालंच नाही. तू घरगुती काढे पीत राहिलीस. मुलीनं ओढून सिव्हिलला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. या गोष्टीला लोक आता तुझा मोठेपणा म्हणतात. परवा सभेत दोघंजण म्हणाले. मला सांग, तुझ्या त्या न घेतलेल्या कार्डानं रांगेतल्या एका तरी बाईचं काम झालं का? तू कार्ड घेऊन, बरी होऊन, त्याच्याशी भांडायला परत आली असतीस तर? मला तू जिवंत हवी होतीस अक्का. आदर्श नको होता.

शेवटची भेट. तुझी मुलगी चहा करत होती. तू भिंतीला टेकून बसली होतीस, मांडीवर सूप नाही. मला बघून म्हणालीस, "आलीस व्हय. लई दिवस रुसलीस." मी तुझे पाय दाबले. थोड्या वेळानं तूच काढलंस. "नियम चुकला न्हाई सुनंदा. मानसं चुकली."

"माणसं चुकणार हे धरूनच नियम करायचा असतो ना, अक्का?"

तुला खोकला आला. बराच वेळ थांबेना. मी पाणी दिलं. खोकला थांबल्यावर तू माझं मनगट धरलंस आणि तेच विचारलंस. "मग शहनाजच्या बायकांचं काय? सांग की." या वेळी तू भांडत नव्हतीस, विचारत होतीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुला खरंच माझं उत्तर हवं होतं, आणि माझ्याकडं ते नव्हतं. "बघू," म्हणाले. चहा पिऊन निघाले. चौथ्या दिवशी मुलीचा फोन आला.

आता परवाचं सांगते.

त्याच्या टाळ्या संपल्यावर मी उभी राहिले. हातात त्याच वह्या होत्या. त्यासाठी किल्ली मागितली तर मिळणार नाही, म्हणून आदल्या दिवशी दुसऱ्या कामासाठी कपाट उघडलं होतं तेव्हाच मी त्या पिशवीत घालून घरी नेल्या होत्या. मी सांगितलं, "अक्का हसल्या नाहीत. आणि अक्का हरल्याही नाहीत." एकेका ब्रँचचं नाव घेऊन हात वाचायला लागले. तिसऱ्या ब्रँचवर त्याच्या माणसांनी माईक काढून घेतला. मग मी ओरडून वाचलं. घसा फाटेस्तोवर सगळ्या ब्रँचचं वाचलं. बायका उठून उभ्या राहायला लागल्या. जिच्या ब्रँचचं नाव येईल ती उभी राहायची. मी शेवटी म्हणाले, "यापुढं अध्यक्ष प्रत्येक बाईच्या मतानं निवडायचा. ज्यांना हे मान्य असेल त्यांनी सांगा."

जयवंत शांत होता. तो हुशारच आहे. म्हणाला, "सुनंदाताई, घटना बदलायचा अधिकार प्रतिनिधींनाच आहे. तुम्हीच लिहिलंय. आणि एक ब्रँच एक मत हे कलम अक्कांनी लहान ब्रँचसाठी ठेवलंय. आज त्यांच्या फोटोसमोर तुम्ही लहान ब्रँचच्या बायकांचं मत काढून घेणार? अक्कांना काय वाटेल?"

ते तुझंच वाक्य होतं. त्यानं माझ्यासमोर तुलाच उभं केलं.

तेव्हा मागून शहनाजआपा आल्या. गुडघे दुखतात, म्हणून दोघींनी धरून आणलं. माईककडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "इत्ते साल सब हमारा नाम लेकू झगडे. अक्का बी, सुनंदा बी, अब ये बी. हमारेकू कोई पूछा क्या?" मग जयवंतकडं वळल्या. "हमारेकू बचाना नक्को जी. हम बाईस है तो बाईस गिनो. मगर हमारा हात हमारेकू वापस देव."

अक्का, मी खाली बसले. कुणी न सांगता बसले. आपण दोघी एवढी वर्षं त्या बाईवरून भांडलो. 'शहनाजच्या बायकांचं काय' असं तू मला शंभरदा विचारलंस, आणि ती बाई समोर विड्या वळत बसलेली असायची. तू तिला विचारलं नाहीस. मीही विचारलं नाही. तू तिची राखण करत राहिलीस, मी तत्त्व सांगत राहिले. तिचं उत्तर तयार होतं की नाही, मला माहीत नाही. कदाचित बावीस हात वर करून ते मातीत गेलेले बघितल्यावर तयार झालं असेल. पण विचारायला तर हवं होतं.

ओरडून झाल्यावरही राग आहे. तो जाईल असं वाटत नाही. पण त्याच्याखाली आणखीही काही आहे. आपांसारखी बाई हजार माणसांसमोर उभी राहून अध्यक्षाला असं बोलू शकते, ती कुणामुळं? तुझ्या त्या सतरंजीवर पहिल्यांदा तोंड उघडायला जागा मिळाली म्हणून. तू त्यांच्या मताला वजन दिलं नसतंस, तर आज ते परत मागायला त्या उभ्या राहिल्या नसत्या. हे मी तुला हयातीत कधी म्हटलं नाही. भांडणात म्हणायला फुरसत झाली नाही.

काल दिवसभर आम्ही ब्रँचब्रँचला फिरलो. आपांच्या ब्रँचपासून सुरुवात केली. थेट मतदानाच्या मागणीवर सह्या घेतल्या, अंगठे घेतले. प्रतिनिधींवर दबाव टाकायचा, मीटिंग बोलवायला लावायची, नाही बोलावली तर कामगार कार्यालयात जायचं असं ठरलं आहे. मान न वर करणारी ती एक बाई प्रतिनिधी आठवते ना? प्रतिनिधींमधली पहिली सही काल तिनं केली. बाकीचे पुरुष दार लावून घेतात. होईल की नाही, ठाऊक नाही. माझी नोकरी बहुतेक जाईल. जयवंतनं वह्या चोरल्याची तक्रार करायची धमकी दिली आहे.

तुझ्या मुलीकडंही गेलो होतो. तिनं सही केली आणि मग विचारलं, "मावशी, अम्मा असती तर तिनं केली असती काय हो?"

मी खोटं बोलले नाही. नाही म्हणाले. तू कागद बाजूला सारला असतास, नियम म्हणजे नियम म्हणाली असतीस, आणि मतदानाच्या दिवशी सगळ्यांत आधी येऊन विरोधात मत टाकलं असतंस.

आम्ही ते मोजलं असतं, अक्का.